लडलोचे शाळकरी परीक्षक

इंग्लंडच्या पश्चिम सरहद्दीवर, वेल्सच्या डोंगराळ मुलखाला लागून असलेल्या श्रॉपशर परगण्यात लडलो नावाचा एक टुमदार कसबा आहे. नॉर्मन सरदारांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस तेथे किल्ला बांधला. पुढे ट्यूडर राजांच्या अमदानीत वेल्सचा आणि सरहद्दीवरील प्रांतांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची कचेरी त्याच किल्ल्यात भरत असे. सातव्या हेन्रीचा थोरला पुत्र आर्थर १५०२ साली तेथेच वारला, आणि त्या एका मृत्यूने धाकट्या भावाच्या पदरात राज्य व विधवा भावजय ही दोन्ही टाकून इंग्लंडच्या धर्मकारणाला पुढे कसे वळण लावले ते सर्वश्रुत आहे. मिल्टनचे ‘कोमस’ १६३४ साली याच किल्ल्यात प्रथम सादर झाले आणि कवी हाउसमन याची रक्षा गावातल्या सेंट लॉरेन्सच्या चर्चपाशी विसावली आहे. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या गावाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवाशांना किल्ला दाखवीत आणि आठवड्याचा बाजार भरवीत सुखाने कालक्रमणा केली असती, तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. परंतु १९८४ नंतरच्या सात-आठ वर्षांत ब्रिटनमधल्या मुलांच्या एका अख्ख्या पिढीला लडलो ठाऊक झाले ते आर्थरमुळे किंवा मिल्टनमुळे नाही. ‘पोस्ट बॉक्स १०, लडलो’ हा एका मासिकाचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. आणि ते गाव नकाशात नेमके कोठे आहे हे सांगता न येणारी मुलेही त्या पत्त्यावर दरमहा पत्रे धाडीत होती.

ते मासिक म्हणजे ‘क्रॅश’. घरगुती संगणकावर खेळायच्या खेळांची परीक्षणे छापणे हा त्याचा मुख्य व्यवसाय. वाचक बहुतांशी शाळकरी वयाचा. आणि ज्यामुळे या मासिकाचा इतिहास लिहावासा वाटतो ती गोष्ट अशी की, त्याचा परीक्षकही त्याच वयाचा होता. एखाद्या कलेच्या उदयकाळी तिचे गुणदोष ठरविण्याचा अधिकार प्रौढ पंडितांकडे न जाता शाळेत जाणाऱ्या मुलांकडे जावा, त्यांनी तो बऱ्यापैकी इमानाने चालवावा आणि मालाच्या उत्पादकांनी त्यांचा निवाडा मुकाट्याने शिरोधार्य मानावा, असा दुसरा दाखला वाङ्मयाच्या, संगीताच्या किंवा चित्रपटाच्या इतिहासात मला तरी आढळलेला नाही. आज पन्नाशीला पोचलेले इंग्रज गृहस्थ त्या जुन्या अंकांविषयी जितक्या हळवेपणाने बोलतात, तितक्या हळवेपणाने ते त्या खेळांविषयीही बोलत नाहीत. याचे कारण शोधावयाचे तर त्या अधिकारदानापाशीच यावे लागते.

यंत्राची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर याने १९८० साली झेडएक्स ८० आणि १९८१ साली झेडएक्स ८१ हे अत्यल्प किमतीचे संगणक बाजारात आणले. त्यांपैकी दुसरा तयार स्वरूपात ६९ पौंड ९५ पेन्सना आणि सुट्या भागांच्या स्वरूपात ४९ पौंड ९५ पेन्सना मिळे. त्यामागून एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आला. काळी चपटी पेटी, तिच्यावर चाळीस रबरी कळा, कोपऱ्यावर इंद्रधनुष्याचा तिरका पट्टा. किंमत १६ के स्मृतीला १२५ पौंड आणि ४८ केला १७५. आईबापांनी तो घेतला तो मुलांच्या अभ्यासाला उपयोगी पडेल या सद्हेतूने. मुलांनी त्याचे काय केले हे निराळे सांगावयास नको. खेळ साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटवर मिळत. कॅसेट टेपरेकॉर्डरात घालायची, किंचाळ्या आणि खरखर यांच्या मिश्रणासारखा तो आवाज पाच मिनिटे ऐकायचा, पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे पळताना पाहायचे, आणि शेवटल्या क्षणी फितीत दोष निघाला की सगळे पहिल्यापासून करायचे, असा तो शिरस्ता होता. या प्रतीक्षेत मुले काय करीत? मांडीवर अंक उघडून वाचीत. मासिकाची आणि यंत्राची सोयरीक अशी अगदी देहधर्माइतक्या स्वाभाविक रीतीने जमलेली होती.

‘क्रॅश’ हे या वर्गातले पहिले मासिक नव्हे. अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ ही दोन्ही १९८१ च्या अखेरीस निघाली. पण आरंभीच्या ब्रिटिश संगणक-मासिकांची बरीचशी पाने परीक्षणांनी न भरता प्रोग्रामांच्या छापील ओळींनी भरलेली असत. वाचकाने त्या ओळी एकेक करून यंत्रात उतरवून घ्यायच्या आणि मग खेळायचे. असे एखादे पान आज समोर धरले तर बारनिशीच्या वहीचा भास होतो: डाव्या कडेला १०, २०, ३० असे ओळींचे अनुक्रमांक, आणि खाली खाली ‘डेटा’ या शब्दापुढे स्वल्पविरामांनी तोडलेल्या, कोणताही अर्थ न सांगणाऱ्या आकड्यांच्या रांगाच रांगा. बारीक टाइप, हलका कागद. आठ आहे की तीन, हे उजेडाला धरून ठरवावे लागे. दोन भावंडांतले एक आकडे वाची, दुसरे कळा दाबी. आणि शेकडो आकड्यांत एक जरी चुकला तरी यंत्र सारे गिळून पडदा पांढरा करून बसे. कित्येकदा चूक मुलांची नसून मुद्रिताची असे, आणि तिची दुरुस्ती पुढल्या महिन्याच्या अंकात एका कोपऱ्यात येई. तोपर्यंत बिचाऱ्यांनी आपलेच डोळे फुटले असे समजून महिना काढलेला असे. मुलांच्या चिकाटीची एवढी कठोर परीक्षा घेणारे वाचन दुसरे कोणतेही नसेल. आणि ब्रिटनच्या पुढल्या पिढीतले कितीतरी प्रोग्रामर या नकलनविशीतूनच तयार झाले, हेही खरे.

लडलोच्या मंडळींचा मार्ग वेगळ्या दिशेने आला. रॉजर कीन, झुरिकमध्ये जन्मलेला चित्रकार ऑलिव्हर फ्राय आणि त्याचा भाऊ फ्रँको फ्राय या तिघांनी १९८३ साली टपालाने खेळ विकण्याची पेढी काढली. मालाची यादी छापायची तर प्रत्येक खेळाविषयी दोन शब्द लिहिणे भाग. आणि ते लिहायचे तर खेळ खेळून पाहिलेला कोणीतरी हवा. मालक तिशी ओलांडलेले. खेळ तर असे की दुसऱ्या पायरीवर पोचण्याआधीच प्रौढ माणसाचे तिन्ही जीव संपून जात. तेव्हा त्यांनी गावातल्या शाळेतल्या मुलांना बोलावले. शाळा सुटल्यावर ही मुले कचेरीत येत, खेळ खेळत, आणि आपल्याला काय वाटले ते सांगत. आणि ती यादी, विकणाऱ्याच्या यादीत कधी नसतो इतका स्पष्टवक्तेपणा अंगी बाणवून, गिऱ्हाइकांच्या हाती जाई. गिऱ्हाइकांना माल आवडला की नाही कोण जाणे, यादी मात्र फार आवडली. तिचेच मासिक झाले. फेब्रुवारी १९८४ चा पहिला अंक न्यूजफील्ड या संस्थेच्या नावाने निघाला, आणि दोनच वर्षांत, म्हणजे १९८६ साली, त्याचा मासिक खप एक लाखाच्या वर गेला. मोठ्या भांडवलाची लंडनची प्रकाशनगृहे पाहत राहिली आणि सरहद्दीवरच्या कसब्यातल्या, दुकानाच्या माडीवरच्या कचेरीने बाजी मारली.

परीक्षणाची रचना न्याहाळण्यासारखी आहे. आधी खेळाची हकीकत: कथानक काय, पात्रे कोण, शत्रू किती प्रकारचे, कोणत्या कळेने उजवीकडे जाता येते आणि कोणत्या कळेने उडी मारता येते. मग तीन निरनिराळ्या परीक्षकांचे तीन अभिप्राय, वेगवेगळ्या चौकटींत. हे तिघे पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध बोलत, आणि संपादक त्यांच्यात तडजोड घडवून आणण्याचा प्रयत्नही करीत नसे. एकाने खेळ डोक्यावर घ्यावा, दुसऱ्याने मागच्या महिन्यात आलेल्या अमक्या खेळाची ही नक्कल आहे असे सुनवावे, तिसऱ्याने चित्रे ठीक पण आवाज कर्कश असा कौल द्यावा. त्याखाली निवाड्याचा तपशील: रंगांचा उपयोग, चित्रे, ध्वनी, खेळण्यातली गोडी, चटक लावण्याची शक्ती, पैशाचा मोबदला, आणि शेवटी एकूण शेकडा गुण. नव्वदाच्या वर गुण मिळविणाऱ्या खेळाला ‘क्रॅश स्मॅश’ ही पदवी मिळे आणि उत्पादक ती आपल्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत मिरवीत. शाळेत आपल्या उत्तरपत्रिकांवर दुसऱ्यांनी दिलेले गुण निमूट पाहणाऱ्या मुलाला येथे गुण देण्याचा अधिकार मिळाला होता, आणि तोही शेकडेवारीत. या योगायोगातला खट्याळपणा संपादकांच्या ध्यानात आला नसेल असे मला वाटत नाही.

या मुलांचे गद्य मात्र सुंदर म्हणता येणार नाही. विशेषणे ठरीव, वाक्ये धापा टाकणारी, तुलना सदैव मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या मालाशी. अल्टिमेट प्ले द गेम या कंपनीचा ‘नाइट लोअर’ १९८४ च्या अखेरीस आला तेव्हा सपाट पडद्यावर खोलीची लांबी-रुंदी-उंची तिरप्या कोनातून एकाच वेळी दिसू लागली. हे काहीतरी अपूर्व आहे हे परीक्षकांना तत्काळ उमगले, परंतु ते कशामुळे अपूर्व आहे हे सांगण्याची भाषा त्यांच्यापाशी नव्हती. ती कोणापाशीच नव्हती. मात्र, जे पुढे चाळीस वर्षांनीही टिकले त्यातले बरेचसे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखले होते, आणि जुन्या टीकाकारांच्या पदरी याहून मोठे पुण्य क्वचितच सापडते.

अंक विकला जाई तो मात्र मुखपृष्ठावर. ऑलिव्हर फ्राय हा कसलेला चित्रकार; ‘लुक अँड लर्न’ या साप्ताहिकातल्या ‘ट्रायगन एम्पायर’ या चित्रकथेसाठी त्याने काम केले होते आणि १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटाच्या आरंभी जी जुन्या चित्रमासिकाची पाने उलटताना दिसतात ती त्याच्या हातची. एअरब्रशने रंगविलेले त्याचे राक्षस, अंतराळवीर आणि घामाने निथळणारे योद्धे अंकावर झळकत, आणि आत गेल्यावर त्याच योद्ध्याच्या जागी यंत्राच्या पडद्यावर आठ ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच अशी एक एकरंगी बाहुली उड्या मारताना दिसे. या तफावतीबद्दल कोणी फसवणुकीची फिर्याद केली नाही. मुलांनी आपल्या मनात त्या बाहुलीला फ्रायचा देह चढविला होता; खेळाचा निम्मा भाग खरे म्हणजे मासिकाच्या मुखपृष्ठावरच खेळला जात होता. आजच्या खेळांत प्रत्येक केस स्वतंत्र हलतो, आणि म्हणूनच कदाचित त्यांना अशा चित्रकाराची गरज उरलेली नाही.

वाचकांचा वावर पत्रव्यवहाराच्या सदरापुरता मर्यादित नव्हता. खेळांचे नकाशे मुले स्वतः काढून पाठवीत. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन म्हणजे एकेक दालन. दारे कोठे, किल्ली कोठे, कोणत्या दालनात पाय ठेवला की मरण ठेवलेले, हे सारे रंगीत पेन्सिलींनी भरलेले. कोणत्याही मोजणीदाराला शोभेल अशा निगुतीने केलेली ही कामे मासिकात दुपानी छापली जात. त्याच्या शेजारी युक्त्यांचे सदर असे, आणि त्यात ‘पोक’ नावाची एक किमया. ‘मॅनिक मायनर’ हा १९८३ चा खेळ. त्यात खाणकामगाराला तीनच जीव. कॅसेटवरचा पहिला छोटा प्रोग्राम ‘मर्ज’ या आज्ञेने आत घ्यायचा, तो सुरू होण्याआधी थांबवायचा, आणि अखेरच्या आज्ञेच्या आधी ‘पोक ३५१३६, ०’ एवढी अक्षरे घालायची, की जीव संपणेच बंद. यंत्राच्या स्मृतीतल्या पस्तीस हजार एकशे छत्तिसाव्या घरातला आकडा काढून तेथे शून्य ठेवायचे, इतकाच त्याचा अर्थ. परंतु ते घर शोधून काढणारा कोणीतरी तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि त्याचे नाव-गाव पानावर छापलेले आहे, ही गोष्ट देशभरच्या हजारो मुलांना केवढी उमेद देणारी होती! खेळांच्या लोकप्रियतेची मासिक यादीसुद्धा वाचकांच्या मतपत्रिकांवरून ठरे.

पत्रांच्या सदराचा चालक लॉइड मँग्रम हा तर या सगळ्यावर कडी. हर्मीस टंकयंत्रावर बसून उत्तरे लिहिणारा, कामाच्या ओझ्याखाली सदैव पिचलेला, मुलांच्या उद्धटपणाला त्याहून तिरकस जबाब देणारा हा गृहस्थ वाचकांना घरच्या काकासारखा परिचित होता. आणि असा कोणी गृहस्थ अस्तित्वातच नव्हता. संपादक मंडळीच आळीपाळीने ते नाव धारण करीत. वाचकांना संशय होता, पुष्कळांनी तसे लिहूनही विचारले, आणि मँग्रमने प्रत्येकाला तितक्याच गांभीर्याने आपल्या अस्तित्वाची ग्वाही दिली.

याच घरातले दुसरे अपत्य ‘झॅप! ६४’, कमोडोर ६४ या यंत्राच्या धन्यांसाठी मे १९८५ मध्ये निघालेले. त्याचा पहिला संपादक क्रिस अँडरसन. पाकिस्तानात जन्मलेला, मिशनरी आईबापांचा मुलगा, मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत शिकलेला. त्याने निवडलेले ज्युलियन रिग्नॉल आणि गॅरी पेन हे परीक्षक नुकतेच विशीला टेकलेले, आणि त्यांची लायकी पदवीवरून ठरलेली नव्हती. रिग्नॉल हा आर्केड खेळांच्या स्पर्धेतला विजेता होता. येथे अभिप्रायाशेजारी परीक्षकाचा चेहरा छापण्याचा प्रघात पडला: खेळ आवडला असेल तर डोळे विस्फारलेले, नावडला असेल तर कपाळाला आठ्या. वाचता न येणाऱ्या धाकट्या भावालाही निकाल कळावा अशी ती सोय होती. आरंभी सॉमरसेटमधल्या योव्हिल गावी असलेली ही कचेरी थोड्याच महिन्यांत लडलोला हलविण्यात आली. अँडरसन बाहेर पडला आणि त्याच वर्षी त्याने फ्यूचर नावाची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. व्याख्यानांसाठी आज जगभर माहीत असलेल्या टेड या उपक्रमाचा पुढला सूत्रधार तोच.

लडलोची मंडळी मस्तीत होती, आणि मस्तीचे मोल १९८५ साली चुकवावे लागले. एमॅप या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या ‘सिंक्लेअर यूजर’ मासिकाचे विडंबन ‘अनक्लिअर यूजर’ या नावाने क्रॅशच्या एका अंकात छापले गेले. एमॅपने कोर्टातून मनाईहुकूम आणला. तोवर काही अंक दुकानांत पोचले होते. उरलेल्या प्रतींतून ती पाने काढून टाकावी लागली. पाने शाबूत असलेल्या प्रती अर्थातच नंतर संग्राहकांच्या शिकारीचा विषय झाल्या.

या कारभारातल्या उणिवांवर पडदा टाकण्याचे कारण नाही. ज्या मालाचा न्याय करायचा त्याच मालाच्या जाहिरातींवर मासिकाचा संसार चाले. शिवाय पहिल्या काही वर्षांत टपालाने खेळ विकण्याचे दुकानही घरातच होते. न्यायाधीश आणि व्यापारी एकाच माडीवर बसलेले, मध्ये फक्त एक मेज. मुलांच्या स्पष्टवक्तेपणाचा बचाव होई तो बहुधा त्यांच्या अजाणतेपणामुळे. जाहिरातीचे दर त्यांना ठाऊक नव्हते आणि वाईट खेळाला चांगला म्हणून सोमवारी शाळेत तोंड दाखवायची त्यांची छाती नव्हती. दुसरी उणीव अधिक खोल होती. हे जवळजवळ संपूर्णपणे मुलग्यांचे राज्य होते. मुखपृष्ठांवरचे योद्धे, पत्रांतली टवाळी, जाहिरातींतल्या अल्पवस्त्रा स्त्रिया, हे सारे पाहून एखाद्या मुलीला हे आपलेही मासिक आहे असे वाटणे कठीणच. एखादी स्त्री लेखिका सदर चालवू लागली की तिच्या स्त्रीत्वाचीच चर्चा पत्रांतून चाले. आठवणींचे पाट मांडताना ही बाजू बहुधा अंधारात राहते.

इतर देशांत हा अधिकार निराळ्या रीतीने वाटला गेला. जपानमध्ये १९८६ साली निघालेल्या ‘फामिकॉम त्सुशिन’ने, म्हणजे पुढच्या ‘फामित्सु’ने, चार परीक्षकांनी प्रत्येकी दहांपैकी गुण द्यायचे आणि चाळीसांपैकी बेरीज छापायची असा दंडक घातला, तो आजतागायत चालू आहे. अमेरिकेत निन्टेन्डो कंपनीने १९८८ साली ‘निन्टेन्डो पॉवर’ काढले. पण ते खुद्द उत्पादकाचेच मुखपत्र. त्यातले नकाशे देखणे, छपाई झगझगीत. तेथे मुलांना मार्गदर्शन भरपूर मिळाले, न्यायासन मिळाले नाही. तरीही त्याचे वाचक २०१२ साली ते बंद पडल्यावर तितकेच व्याकूळ झाले, हे माझ्या सिद्धान्ताला थोडे अडचणीचे आहे हे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे याच काळात संगणक आला तो शाळेच्या दाराने. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पाखाली १९८४-८५ मध्ये सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश यंत्र बसविले गेले, आणि त्यानंतर लवकरच डेसिबेल्स या कंपनीने स्पेक्ट्रमची परवानाधारक भारतीय आवृत्तीही विक्रीस आणली. म्हणजे यंत्रे तीच होती. पण शाळेतले यंत्र सरकारी मालमत्तेच्या नोंदवहीत चढलेले, ज्याच्यापाशी जाण्याआधी पायताण बाहेर काढायचे असे. त्याच्यावर रविवारची सबंध दुपार उधळण्याची आणि मग त्याविषयी कोणाला पत्र लिहिण्याची मुभा मुलांना नव्हती. यंत्र खाजगी आणि वाचन सामुदायिक असा जो योग ब्रिटनमध्ये जुळून आला, तो येथे उलटा पडला.

उतरण १९८६ पासूनच लागलेली होती. त्या वर्षी सिंक्लेअरने आपला संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅड कंपनीला ५० लाख पौंडांना विकला. यंत्र आणखी काही वर्षे तगले, पण नवे, अधिक शक्तिमान संगणक आणि जपानी खेळयंत्रे येऊ लागली. स्पर्धेत टिकण्यासाठी प्रत्येक मासिकाने मुखपृष्ठावर खेळांची कॅसेट चिकटवून द्यायला आरंभ केला. सुरुवातीला प्रसंगाने, मग दरमहा, मग एकाऐवजी चार-पाच संपूर्ण खेळ. वाचकाला वाटले चंगळ झाली. पण जो महिन्याला पाच खेळ फुकट घेतो तो सहावा विकत कशाला घेईल? खेळ विकले जाईनात तसे ते निघेनात, ते निघेनात तशा जाहिराती येईनात, आणि जाहिराती नाहीत म्हणून पाने कमी झाली. शेवटी अंक म्हणजे कॅसेटचे वेष्टन उरले. परीक्षणाचा मूळ व्यवसाय, मुलाने आपल्या तुटपुंज्या खाऊच्या पैशांतून कोणता खेळ घ्यावा हे सांगण्याचा, त्याला विषयच राहिला नाही. न्यूजफील्डने १९९१ साली दिवाळे काढले. क्रॅश दुसऱ्या प्रकाशकाच्या हाताखाली आणखी काही महिने निघाले आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये, ९८ व्या अंकानंतर, त्याचे नाव विकले गेले ते एमॅपला. ज्याचे विडंबन केले म्हणून पाने काढावी लागली, त्याच ‘सिंक्लेअर यूजर’मध्ये क्रॅश विलीन झाले. ‘सिंक्लेअर यूजर’ही पुढल्या वर्षी बंद पडले.

त्यानंतर जुन्या अंकांचे जे झाले ते बहुतेक घरी सारखेच असावे: मुलगा कॉलेजला गेला, आईने खोली आवरली. म्हणूनच जी पोरे तेव्हा अंक सांभाळून ठेवीत ती आता संग्रहालयाच्या मोलाची ठरली. कोणीतरी प्रत्येक पान यंत्राखाली धरून त्याच्या प्रतिमा सर्वांसाठी मोकळ्या केल्या, आणि त्यांत मूळ परीक्षणांइतक्याच आस्थेने जाहिराती, मागणीपत्रके, वाचकांच्या मतपत्रिकाही जपल्या गेल्या. कधी कधी त्या पत्रिकांवर एखाद्या मुलाने पेन्सिलीने भरलेली आणि टपालात न टाकलेली मतेही तशीच आढळतात. २०१७ च्या सुमारास माजी वाचकांनी आगाऊ वर्गणी जमवून क्रॅशचा वार्षिकांक पुन्हा काढला आणि पुढे त्याचे नियमित अंकही सुरू झाले. वृद्ध ऑलिव्हर फ्रायने पुन्हा मुखपृष्ठे रंगविली, रॉजर कीनने पुन्हा लेखणी हाती घेतली. फ्राय २०२२ मध्ये आणि कीन त्यानंतर काही महिन्यांनी, २०२३ च्या आरंभी वारला. नव्या अंकांत परीक्षणे असतात ती आजही कोणी ना कोणी स्पेक्ट्रमसाठी लिहीत असलेल्या नव्या खेळांची. परीक्षक पन्नाशीचे झाले आहेत आणि त्यांचे गद्य निश्चित सुधारले आहे.

जुन्या खेळांना वाहिलेले मोठ्या खपाचे मासिक म्हणजे २००४ साली निघालेले ‘रेट्रो गेमर’. त्याचा पहिला प्रकाशक बुडाला, मग ते इमॅजिन या संस्थेकडे गेले, आणि २०१६ साली इमॅजिनच विकली गेल्यामुळे ते हल्ली फ्यूचर या संस्थेतर्फे निघते: कचेरी लडलोला हलली त्या साली ‘झॅप’मधून बाहेर पडून क्रिस अँडरसनने जी काढली होती, तीच ही फ्यूचर.